व्यसनमुक्ती केंद्रात तिसऱ्या रात्री डॉक्टर कोण? वैद्यकीय देखरेख तपासण्यासाठी सीमाभागातील कुटुंबांना मार्गदर्शन

घरातल्या कर्त्या माणसाची दारू हाताबाहेर गेली की निपाणी, चिकोडी, हुक्केरी, बेळगाव, खानापूर या पट्ट्यातील कुटुंबे निवासी व्यसनमुक्ती केंद्राचा शोध घेऊ लागतात. कोणी कोल्हापूर-मिरजेकडे चौकशी करते, कोणी धारवाड-हुबळीकडे, तर कोणी पुण्यापर्यंत जाते. चौकशी मात्र सगळीकडे सारखीच असते : महिन्याला पैसे किती, जेवण कसे, आणि माणूस पळून तर जाणार नाही ना. दारू अचानक बंद झाल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री रुग्णाला फिट आली तर त्याला पाहणार कोण, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारते. निवासी केंद्रांत टाळता येण्याजोगे मृत्यू याच रात्रींमध्ये होऊ शकतात, म्हणून या लेखात समुपदेशन, योगासने किंवा प्रार्थना यांविषयी न लिहिता केवळ वैद्यकीय देखरेखीविषयी लिहिले आहे.

माझ्या एका चुलतभावाला काही वर्षांपूर्वी अशाच एका केंद्रात ठेवले होते. प्रवेशाचे कागद कानडीत होते. वहिनींनी सही करण्यापूर्वी मला विचारले, "भावजी, ह्याच्यात काय लिवलंय?" मलाही छापील कानडी सलग वाचता येत नव्हते, आणि तरीही आम्ही दोघांनी सह्या केल्या. तिसऱ्या रात्री दादाचे हातपाय थरथरू लागले, भिंतीवर माणसे दिसतात असे तो सांगू लागला, आणि राखणीला असलेल्या मुलाने ते नाटक समजून त्याला झोपेची गोळी दिली. पहाटे त्याला लागोपाठ दोन फिट आल्या. नशिबाने मोठ्या रुग्णालयात वेळेवर पोहोचल्यामुळे तो वाचला. कागद परत आणायला गेलो तेव्हा टेबलावर रक्तदाबाची वही उघडी पडलेली होती. अकरा रुग्णांसमोर, तिन्ही दिवस, सकाळ-संध्याकाळ, एकाच निळ्या पेनाने, एकाच बसकीत लिहिल्यासारखे १२०/८० असे आकडे होते. ज्या रात्री माझ्या भावाला फिट आली, त्या रात्रीसमोरही १२०/८० हेच लिहिले होते. ती वही मी आधी पाहायला हवी होती. पुढच्या पायऱ्या त्या अनुभवातून आणि त्यानंतर वाचलेल्या कायद्यातून लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : केंद्र शोधण्याआधी रुग्णाची तपासणी

रुग्णाला थेट केंद्रात न नेता आधी डॉक्टरांकडे न्यावे. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी थांबली की मेंदू काही दिवस अतिउत्तेजित अवस्थेत राहतो. थरथर, घाम, मळमळ, झोप न लागणे ही लक्षणे साधारण सहा तासांपासून पहिल्या दिवसापर्यंत सुरू होतात. आकडी येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. डिलिरियम ट्रेमेन्स ही सर्वांत गंभीर अवस्था बहुधा ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान येते, आणि तीत रुग्णाला वेळ-जागेचे भान राहत नाही, भास होतात, ताप चढतो, नाडी धावू लागते. उपचार न मिळाल्यास ती जीवघेणी ठरते, पण वेळेवर योग्य औषधे मिळाल्यास बहुतेक रुग्ण तीतून बाहेर येतात.

म्हणून पूर्वी कधी दारू सोडताना फिट आली होती का, भास झाले होते का, यकृताचा त्रास, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, क्षयरोग किंवा डोक्याला मार यांपैकी काही आहे का, हे डॉक्टरांना स्पष्टपणे सांगावे. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल, तर पहिला आठवडा रुग्णाने रुग्णालयाच्या खाटेवरच काढावा आणि त्यानंतर केंद्रात जावे. बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न जिल्हा रुग्णालय आहे, शिवाय सुमारे ७५ किलोमीटरवर धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. तालुका पातळीवर कर्नाटक शासनाच्या मनोचैतन्य कार्यक्रमात मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ तालुका रुग्णालयात येतात. खानापूर किंवा हुक्केरीच्या रुग्णालयात कोणत्या मंगळवारी डॉक्टर येणार आहेत, हे आधी फोन करून विचारल्यास फेरी वाया जात नाही.

दारूसोबत अल्प्राझोलम किंवा नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या चालू असतील तर ते आवर्जून सांगावे, कारण त्या गोळ्या अचानक थांबवल्यानेही फिट येऊ शकते. घरातली माणसे दारूचे सगळे सांगतात, पण उशाखालच्या गोळ्यांच्या पट्टीचा उल्लेख राहून जातो.

दुसरी पायरी : भिंतीवरचे कागद वाचणे

केंद्राच्या कार्यालयात बहुधा एखादी चौकट टांगलेली असते आणि तीत कोणतेतरी प्रमाणपत्र असते. ते नेमके कोणते आहे, हे वाचून घ्यावे. सोसायटी किंवा ट्रस्टची नोंदणी म्हणजे संस्था अस्तित्वात असल्याचा पुरावा असतो, पण त्या कागदाने कोणालाही रुग्ण ठेवून उपचार करण्याची परवानगी मिळत नाही.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा स्पष्ट समावेश केलेला आहे. अशा व्यक्तींना काळजी, उपचार किंवा पुनर्वसनासाठी ठेवून घेणारी जागा ही मानसिक आरोग्य आस्थापना ठरते, आणि कलम ६५ नुसार राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी झाल्याशिवाय अशी आस्थापना चालवता येत नाही. "आमचे पुनर्वसन केंद्र आहे, हॉस्पिटल नाही" हे उत्तर मी अनेकदा ऐकले आहे, परंतु व्याख्येतच पुनर्वसनाचा उल्लेख असल्यामुळे ते टिकत नाही.

त्यातही तात्पुरती नोंदणी आणि कायम नोंदणी यांतला फरक जाणून घेणे फार महत्त्वाचे आहे. तात्पुरते प्रमाणपत्र बारा महिन्यांसाठी असते आणि ते देण्यापूर्वी चौकशी करण्याचे बंधन प्राधिकरणावर नाही. म्हणजे चौकटीतला कागद तात्पुरत्या नोंदणीचा असेल तर कदाचित अजून कोणीही तिथे पाऊल ठेवून काही पाहिलेले नाही, असे धरून चालावे. तारीखही पाहावी, कारण मुदत संपून गेलेले तात्पुरते प्रमाणपत्र तसेच टांगलेले राहू शकते. नोंदणीकृत आस्थापनांची यादी प्रसिद्ध करणे हे राज्य प्राधिकरणाचे काम आहे, म्हणून कागदावरचे नाव आणि यादीतले नाव जुळते का, हे ताडून घ्यावे. नोंदणी नसताना केंद्र चालवल्यास पहिल्या वेळी ५ हजार ते ५० हजार रुपये, दुसऱ्या वेळी ५० हजार ते २ लाख आणि त्यापुढे दर वेळी २ ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. अशा ठिकाणी जाणूनबुजून काम करणाऱ्या मानसिक आरोग्य व्यावसायिकालाही २५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. ही शेवटची तरतूद भेट देणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घालण्यासारखी आहे.

दुसरा कागद कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना अधिनियम, २००७ खालचा असतो, ज्याला सगळे केपीएमई म्हणतात. केंद्राचे खासगी चालक आपल्याकडे वैद्यकीय उपचार होतात असे सांगत असतील, तर ही नोंदणी मागावी. ती जिल्हा पातळीवर होते. जिल्हाधिकारी म्हणजे डीसी हे त्या प्राधिकरणाचे प्रमुख असतात आणि जिल्हा आरोग्याधिकारी म्हणजे डीएचओ त्याचे कामकाज पाहतात. महाराष्ट्रात केपीएमई लागू नाही. तिथे महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ आहे. म्हणून निपाणीचा रुग्ण कागलच्या बाजूला किंवा चंदगडचा रुग्ण बेळगावात दाखल होताना कोणत्या राज्याचा कागद मागायचा, हे आधी ठरवावे. रुग्णाचे गाव कोणतेही असो, केंद्राची इमारत ज्या राज्यात आहे त्याच राज्याच्या प्राधिकरणाचा अधिकार त्या केंद्रावर चालतो.

तिसरी पायरी : रात्री केंद्रात जाणे

प्रवेशाच्या आदल्या दिवशी केंद्राला एक भेट द्यावी आणि शक्य असल्यास ती रात्री आठनंतर द्यावी. सकाळी अकरा वाजता सगळीकडे डॉक्टर असतात. रात्री तिथे प्रत्यक्ष कोण आहे, त्याचे शिक्षण काय, तो सिस्टर आहे की वॉर्डबॉय की बरे झालेला जुना रुग्ण, हे थेट विचारावे. व्यसनातून बाहेर आलेली माणसे या कामात मोलाची असतात, आणि रुग्णाचा त्यांच्यावर जितका विश्वास बसतो तितका आमच्यासारख्यांवर बसत नाही. पण फिट आलेल्या माणसाला कोणते इंजेक्शन द्यायचे, हा निर्णय त्यांच्यावर टाकणे हे त्यांच्यावरही अन्यायकारक आहे.

ज्या डॉक्टरांचे नाव फलकावर आहे ते आठवड्यातून किती वेळा येतात, त्यांचा वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक काय, आणि रात्री फोन केल्यास ते किती वेळात पोहोचतात, हे लिहून घ्यावे. फलकावर मानसोपचारतज्ज्ञाचे नाव असूनही प्रत्यक्षात ते महिन्यातून एकदाच येत असतील, तर पहिल्या आठवड्याच्या उपचारांची जबाबदारी कोणावर आहे, हे केंद्राला लेखी सांगता आले पाहिजे.

मग औषधांचे कपाट दाखवायला सांगावे. ते कुलूपबंद असावे आणि किल्ली कोणाकडे आहे, हे सांगता यावे. दारू सोडवताना डायझेपाम किंवा क्लोर्डायझेपॉक्साइडसारखी औषधे डॉक्टर ठरवतात आणि दर दिवशी मात्रा कमी करत आणतात. यकृत बिघडलेले असेल तर ते बहुधा लोराझेपाम निवडतात. ही औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, म्हणून प्रत्येक गोळीमागे डॉक्टरांची चिठ्ठी असायला हवी. "सगळ्यांना रात्री एकच गोळी देतो" असे कोणी सांगितले, तर तिथून उठून यावे.

थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने कपाटात आहेत का, हे मी सर्वांत आधी विचारतो, कारण यावरून केंद्राची समज कळते. अनेक वर्षे पिणाऱ्या माणसाच्या शरीरात हे जीवनसत्त्व फार कमी उरलेले असते आणि तोंडावाटे ते नीट शोषले जात नाही. अशा माणसाला आधी थायमिन न देता थेट ग्लुकोजचे सलाईन लावले, तर मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. गोंधळ, तोल जाणे आणि डोळ्यांची विचित्र हालचाल ही वर्निके एन्सेफॅलोपथीची लक्षणे असतात, आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर माणूस आपल्या मुलाचे नावही विसरेल इतकी स्मृती कायमची जाऊ शकते. 'अशक्तपणाचे सलाईन' लावून पैसे घेणाऱ्या केंद्राने त्याआधी थायमिन दिले का, हे म्हणूनच विचारायचे.

रक्तदाबाचे यंत्र, ग्लुकोमीटर, थर्मामीटर, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर, ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर आणि ग्लुकोजचे इंजेक्शन, इतके साहित्य तरी दिसले पाहिजे. पण या साहित्यापेक्षा वही महत्त्वाची आहे. विड्रॉवलची म्हणजे दारू थांबल्यावर होणाऱ्या त्रासाची तीव्रता मोजण्यासाठी सीवा-एआर नावाची दहा मुद्द्यांची मोजपट्टी आहे, जिच्यात थरथर, घाम, अस्वस्थता, भास अशा लक्षणांना गुण दिले जातात आणि कमाल बेरीज ६७ होते. नवीन रुग्णाची अशी किंवा याच धर्तीची नोंद काही तासांच्या अंतराने होते का, आणि गुण वाढल्यास कोणाला फोन करायचा, हे लिहिलेले आहे का, हे पाहावे. नोंदींत खाडाखोड, वेगवेगळी अक्षरे, वेगवेगळी पेने आणि वर-खाली होणारे आकडे दिसले, तर ते चांगले लक्षण समजावे, कारण खऱ्या रात्री लिहिलेल्या नोंदी तशाच दिसतात.

शेवटी, सर्वांत जवळचे अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय किती किलोमीटरवर आहे आणि तिथपर्यंत कोणते वाहन जाणार, हे विचारावे. १०८ ला फोन केल्यावर पावसाळ्यात चोर्ला घाटाच्या बाजूच्या किंवा खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गावी किती वेळ लागतो, हे तिथल्या लोकांना ठाऊक असते. आडबाजूला, शेतघरात वसलेल्या केंद्राची शांतता नातेवाइकांना आवडते, पण आकडीच्या रुग्णासाठी तोच आडमार्ग घातक ठरतो.

चौथी पायरी : सही करण्याआधी समजून घेणे

कायद्याप्रमाणे संमती ही रुग्णाला समजेल अशा भाषेत आणि अशा रीतीने माहिती दिल्यानंतरच ग्राह्य धरली जाते. कलम २२ नुसार आपल्याला कोणत्या तरतुदीखाली दाखल केले आहे, उपचार कोणते होणार, त्यांचे ज्ञात दुष्परिणाम कोणते आणि दाखल करण्याच्या निर्णयाविरुद्ध मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे (रुग्णांच्या हक्कांविषयीचे अर्ज ऐकणारे मंडळ) अर्ज कसा करायचा, ही माहिती रुग्णाला आणि त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला (रुग्णाने आपल्या वतीने बोलण्यासाठी नेमलेली व्यक्ती) त्यांना कळेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क आहे. सीमाभागातल्या मराठी माणसाच्या दृष्टीने या कायद्यातले हे फार मोलाचे कलम आहे. इथे भाषेचा वाद उकरून काढायचा नाही. केंद्रातली सिस्टर किंवा समुपदेशक बहुतेकदा दोन्ही भाषा जाणतात, त्यामुळे त्यांनी कागद मराठीत वाचून दाखवावा, आपण त्याचा फोटो घ्यावा, आणि सहीखाली 'मराठीत वाचून दाखवले, समजले' असे स्वतःच्या अक्षरात लिहावे. वहिनींनी आणि मी इतके जरी केले असते, तरी त्या कागदावर 'आपत्कालीन उपचारांची जबाबदारी नातेवाइकांची' असे लिहिले होते हे आम्हाला त्याच दिवशी कळले असते.

दाखल होण्याचे दोन मार्ग प्रत्येक कुटुंबाला माहीत असावेत. सज्ञान माणूस स्वतःच्या इच्छेने दाखल झाला तर तो स्वतंत्र रुग्ण असतो, आणि त्याने घरी जायचे म्हटले तर त्याला सोडावे लागते. मूल्यमापन करण्यासाठी मानसिक आरोग्य व्यावसायिक त्याला जास्तीत जास्त २४ तास थांबवू शकतो. रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल आणि त्याच्यापासून स्वतःला किंवा इतरांना धोका असेल, किंवा स्वतःची काळजी घेणे त्याला अशक्य झाले असेल, तर कलम ८९ नुसार नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर त्याला आधारित प्रवेश देता येतो. त्यासाठी त्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत एका मानसोपचारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या एका मानसिक आरोग्य व्यावसायिकाने किंवा डॉक्टरने स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते. हा प्रवेश ३० दिवसांपर्यंतच असतो, आणि त्याची माहिती केंद्राने पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत, तर स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असल्यास तीन दिवसांत कळवायची असते.

म्हणजे तीन किंवा सहा महिन्यांचे पॅकेज घेऊन नातेवाइकांनी सही केली म्हणून सज्ञान माणसाला तितके महिने कोंडून ठेवता येत नाही. रात्री गाडी पाठवून चार माणसांकरवी रुग्णाला उचलून नेण्याची जी सेवा काही ठिकाणी सांगितली जाते, तिला या कायद्यात कुठेही आधार नाही. थकलेल्या आईला आणि मार खाल्लेल्या पत्नीला हा मार्ग का जवळचा वाटतो, हे मी फार जवळून पाहिले आहे. तरीही, आधीच विड्रॉवलमध्ये असलेल्या माणसाला हात बांधून दोन तास गाडीत टाकले तर वाटेतच फिट येऊ शकते आणि उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. घरात हिंसा चालू असेल तर ११२ वर पोलिसांना बोलवावे आणि त्यांच्या उपस्थितीत डॉक्टरकडे न्यावे. जीव धोक्यात असेल तर कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरला ७२ तासांपर्यंत आपत्कालीन उपचार करण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे.

नामनिर्देशित प्रतिनिधी कोण, हे रुग्ण शुद्धीवर असताना त्याच्याकडून साध्या कागदावर लिहून घ्यावे. याचा उपयोग पुढे होतो. केंद्र भेटीच्या वेळा ठरवू शकते, पण 'पहिला महिना कोणाचीही भेट नाही' हा नियम नामनिर्देशित प्रतिनिधीला आणि रुग्णाच्या वकिलाला लावता येत नाही.

पाचवी पायरी : पहिले सात दिवस

पहिल्या आठवड्यात रोज एक फोन करावा आणि शक्य असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रत्यक्ष भेट घ्यावी. 'कसा आहे' असे विचारले की 'बरा आहे' हेच उत्तर मिळते. त्याऐवजी काल रात्री रक्तदाब किती होता, साखर किती होती, झोप किती तास लागली आणि गोळी किती वाजता दिली, हे विचारावे. आकडे सांगता येत नसतील तर मोजमाप झालेलेच नाही.

पूर्वीपासून चालू असलेली औषधे बंद पडू देऊ नयेत. इन्सुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या, एचआयव्हीची एआरटी आणि क्षयरोगाची औषधे एक दिवसही चुकता कामा नयेत. यांची यादी केस पेपरच्या पहिल्या पानावर लिहायला लावावी आणि पाकिटे मोजून द्यावीत.

डायसल्फिराम या औषधाविषयी मला विशेष सांगायचे आहे. ते घेतल्यावर दारू प्यायल्यास चेहरा लाल होणे, उलट्या, छातीत धडधड आणि रक्तदाब कोसळणे अशी प्रतिक्रिया येते, आणि ती प्राणघातक ठरू शकते. म्हणून हे औषध रुग्णाला पूर्ण समजावून, त्याच्या संमतीने, दारू बंद होऊन किमान बारा तास उलटल्यावर आणि यकृताची तपासणी करूनच द्यायचे असते. क्षयरोगासाठी आयसोनियाझिड चालू असेल तर दोन्ही औषधे एकत्र दिल्याने वागणुकीत आणि तोलात बिघाड होऊ शकतो. आमटीत किंवा चहात गुपचूप मिसळायला जी 'दारू सोडवायची पावडर' मिळते, तिच्यात काय आहे हे ना देणाऱ्याला सांगता येते ना घेणाऱ्याला कळते. ती घरात आणू नये आणि केंद्राने दिली तर परत करावी.

सहावी पायरी : बांधणे, कोंडणे, कामाला लावणे

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मरण पावले. आजचा कायदा कोणालाही कोणत्याही स्वरूपात साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई करतो. रुग्णाला शारीरिकरीत्या आवरणे किंवा वेगळ्या खोलीत ठेवणे हे फक्त तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताही उपाय नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या मान्यतेने आणि लागेल तेवढ्याच वेळापुरते करता येते. त्याची कारणासह नोंद ठेवावी लागते, आणि शिक्षा म्हणून किंवा धाक घालण्यासाठी ते कधीही करता येत नाही. जबरदस्तीने मुंडन करणे, स्वतःचे कपडे काढून घेणे आणि सक्तीने काम करवून घेणे यांनाही कलम २० मध्ये मनाई आहे. चालकाच्या शेतात किंवा बांधकामावर राबवून घेण्याला 'वर्क थेरपी' म्हटले जात असेल, तर त्या कामाचा मोबदला कोणाला मिळतो, हे विचारावे.

भेटीच्या वेळी रुग्णाची मनगटे, घोटे आणि पाठ पाहावी. बोलताना तो सारखा दरवाजाकडे पाहत असेल, तर त्याला अंगणात घेऊन बोलावे.

सातवी पायरी : तक्रार कोठे आणि कशी करावी

वैद्यकीय दर्जाविषयीची तक्रार राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे करता येते. कलम ६८ नुसार ती कोणतीही व्यक्ती करू शकते, त्यासाठी नातेवाईक असण्याची गरज नाही. त्यामुळे ग्रामपंचायत सदस्य, आशाताई, युवक मंडळ किंवा शेजाऱ्यांनाही ती करता येते. केपीएमईखालची तक्रार डीसी कार्यालयात किंवा डीएचओकडे द्यावी. रुग्णाच्या हक्कांविषयीचा अर्ज मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जातो, आणि त्या मंडळाचा पत्ता व फोन केंद्रात ठळकपणे लावणे बंधनकारक आहे. आधारित प्रवेशाला आव्हान देणाऱ्या अर्जावर मंडळाने सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

तक्रारीत भावना कमी आणि तारखा जास्त असाव्यात. 'फार वाईट वागवतात' असे लिहिण्यापेक्षा कोणत्या तारखेला, किती वाजता, काय झाले, कोण हजर होते आणि कोणता कागद पाहिला, हे लिहावे. उपचारांच्या कागदपत्रांची प्रत आधी लेखी मागावी, कारण मागणी केल्यावर डॉक्टरने ती ७२ तासांत द्यावी, असा वैद्यक व्यावसायिकांच्या आचारसंहितेचा नियम आहे.

शासकीय कार्यालयात केंद्राच्या तपासणीचा अहवाल आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. २००५ च्या या कायद्यात अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो, म्हणून बेळगावात मराठीत केलेला अर्ज परत येण्याची शक्यता असते. कन्नड किंवा इंग्रजीत एका विषयाचा छोटा अर्ज लिहून घ्यावा, कारण कर्नाटकच्या नियमांत अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे. शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवस आहे. एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत उत्तर द्यावे लागते, आणि तसे अर्जाच्या वरच लिहावे.

माणसाला सोडतच नसतील तर वाट पाहू नये. अन्यायाने कोंडून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा आहे, आणि उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात हेबिअस कॉर्पसची, म्हणजे कोंडलेल्या माणसाला न्यायालयासमोर हजर करायला लावणारी, याचिका करता येते. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि मानसिक आजार असलेल्यांना तिथे मोफत मदत मिळते. केंद्र कोल्हापूर किंवा सांगली जिल्ह्यात असेल, तर हीच सगळी कागदपत्रे तिकडच्या कार्यालयांत द्यावी लागतात. दोन्हीकडची कार्यालये एकमेकांकडे बोट दाखवू लागली तर इमारतीचा सर्व्हे नंबर आणि ग्रामपंचायतीचा घरक्रमांक अर्जात लिहावा, म्हणजे हद्दीचा प्रश्न उरत नाही.

आठवी पायरी : घरी आणताना

डिस्चार्ज कार्डावर निदान, दिलेली औषधे, पुढे घ्यायच्या गोळ्या त्यांच्या वेळांसह, तपासण्यांचे निकाल आणि डॉक्टरांची सही असायला हवी. 'उपचार पूर्ण' एवढाच शिक्का मारलेला कागद घेऊ नये. अफूजन्य पदार्थांचे किंवा ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकांचे व्यसन असेल, तर घरच्यांनी एक गोष्ट मनात पक्की ठेवावी : काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि पूर्वीचीच मात्रा पुन्हा घेतली तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. हा धोका घरी आल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असतो.

पुढच्या मंगळवारची तारीख डिस्चार्जच्या दिवशीच ठरवावी. दादा आता तालुका रुग्णालयात जातो, वहिनी सोबत असतात, आणि केस पेपरच्या मागे त्यांनी दोन नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवले आहेत : टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६. त्याच पानावर रक्तदाबाचा एक रकाना आहे. गेल्या वेळी त्यात १४६/९२ लिहिले होते, त्याच्या आधी १३८/८८, आणि प्रत्येक आकड्यासमोर वेगळ्या सिस्टरची सही होती.